बरणीतला आरोपी

१

आमच्या यांनी पोलिसातल्या अख्ख्या नोकरीत एकही खून पाहिला नाही. कोंबड्या, मोटरसायकली आणि एकदा देवळातली घंटा, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. खुनाचा तपास त्यांनी केला तो निवृत्त झाल्यावर, आणि त्यात मेल्या होत्या गोगलगायी.

हसू नका. त्या सकाळी गावातली सासी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा मीही आधी हसले, आणि मग तिचा चेहरा पाहून गप्प झाले. तिच्या ओंजळीत समुद्रातल्या गोगलगायींचे शंख होते. त्यांना वास सुटला होता.

"मेमे, पाक आहेत का घरात? माझ्या टाकीत कुणीतरी जीव घेतंय." आमच्याकडे मोठ्या बाईला मेमे म्हणजे आई म्हणतात, आणि मोठ्या पुरुषाला पाक.

हे विहिरीपाशी त्यांच्या लाडक्या कोंबड्याला आंघोळ घालत होते. कोंबडा तसाच ओला सोडून ते आले. शंख एकेक करून उचलून पाहिले, हुंगले.

"संशय कुणावर?"

"खेकड्यावर. चोरटा प्रवासी आहे तो. दगडातून आला."

समुद्रातला दगड माशांच्या काचेच्या टाकीत ठेवला की त्याच्या भोकांतून न बोलावलेलं बरंच काही येतं. केसाळ किडे, लांब हातांचे बारके तारामासे, खेकडे. सासी त्या सगळ्यांना चोरटे प्रवासी म्हणायची आणि दिसला की चिमट्याने ओढून काढायची. तरी ते संपत नसत.

आमच्या येहसेगाराचा समुद्र मी लहानपणी पाहिलाय. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायाखाली बाग असायची. मग शहरातले व्यापारी रंगीत माशांसाठी आले. आमच्याच माणसांनी बाटलीतून पोटॅशचं विषारी पाणी फवारून मासे गुंगवून पकडले. मासे गेले, प्रवाळही गेलं. कित्येक वर्षं तो किनारा हाडांच्या ढिगासारखा पांढरा होता. पुढे सासीच्या पिढीने प्रवाळ लावायला घेतलं. बायका सावलीत बसून प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या खुंट्यांना बांधायच्या, पुरुष ते समुद्रात नेऊन रोवायचे. वाढलेल्यातलं थोडं परदेशी विकायचं, बाकीचं समुद्राला ठेवायचं. त्या विक्रीला सरकारची परवानगी लागत होती. पौर्णिमेनंतर मासेखात्याचे साहेब येणार होते, आमचं प्रवाळ काचेत जगतं का ते बघायला. म्हणून सासीने हॉटेलातली नोकरी सोडून ती टाकी उभी केली होती.

तिचा नवरा प्रवासी जहाजावर भांडी घासत होता. तिलाही जहाजावर धोब्याचं काम मिळत होतं. परवानगी नाही मिळाली तर तिला जाणं भाग होतं, आणि तिची पाच वर्षांची मुलगी गेक आजोबांजवळ मागे राहणार होती. "गेकला अजून वेणी स्वतःची घालता येत नाही, मेमे," एवढंच ती मला म्हणाली होती.

आम्ही टाकीपाशी गेलो. नवी खोली, नवा रंग, भिंतीलगत लाकडी घोडीवर ती लांबरुंद टाकी. नारिंगी पट्ट्यांचे मासे मजेत फिरत होते. पण परवापर्यंत फुलून असलेलं प्रवाळ मिटलं होतं. कोळंब्या दिसत नव्हत्या. आणि मेलेल्या शंखाजवळ, अगदी चोरासारखा, तो बसला होता. लिंबाएवढा खेकडा. पाठीवर शेवाळाची चिंधी, स्पंजाचा तुकडा आणि लाल शेवाळाची एक काडी. या जातीचे खेकडे जे सापडेल ते अंगावर खोचून वेश पालटतात.

"बघा, नटलाय कसा मेला," सासी म्हणाली आणि चिमटा घेऊन धावली. "आज याला ठेचतेच."

"थांब," हे म्हणाले. "चौकशीआधी शिक्षा नाही. मी सरकारी माणूस होतो."

सासीच्या मोठ्या जावेच्या, रास्मिनीच्या दुकानातली कुरकुरीत पापड ठेवायची मोठी काचेची बरणी त्यांनी मागून आणली, ताज्या समुद्राच्या पाण्याने भरली आणि आरोपीला आत टाकलं. बरणी आमच्या ओटीवर आली.

दुसऱ्या सकाळी सासी पुन्हा दारात. ओंजळीत आणखी शंख, आणि शेवटची कोळंबी.

आरोपी तेव्हा बरणीत बसून मी टाकलेला भात खात होता.

२

"म्हणजे हा सुटला," मी म्हणाले.

"सुटला नाही. पण गुन्हा घडला तेव्हा तो कोठडीत होता, एवढं खरं." यांनी बरणीवर बोटाने टकटक केलं. "आणि अगं, याची तब्येत बघ. कैदेत सुधारलाय."

सासीचा संशय आता किड्यांवर गेला. ते उजेडात बाहेर येत नाहीत, म्हणून हे म्हणाले, "टाकीवर काळं कापड घाल. त्यांना अंधार वाटू दे."

आम्ही तिघंही कापडाखाली डोकी घालून बसलो. दिवसाढवळ्या. मला हसू येत होतं, कारण लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा असे एका पांघरुणाखाली बसलो होतो ते पावसात अडकून, सिंगाराजा शहरातल्या बस थांब्यावर. यांनी ते ओळखलं आणि मला कोपर मारलं.

मग सासीने लाल कागद लावलेली बॅटरी पेटवली, आणि माझं हसू गेलं.

किडे आले होते. शेकड्यांनी असतील. केसाळ, गुलाबी, करंगळीएवढे. तारामासेही आले होते. पण सगळे टाकीच्या उजव्या टोकाला, काचेवर चढून, पाणी पडायच्या नळीखाली एकमेकांवर दाटले होते. डाव्या बाजूला, मागच्या कोपऱ्याकडे, वाळूवर एकही जीव नव्हता.

"बघा! टोळी जमवलीये," सासी कुजबुजली. "हेच ते."

हे त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले. कापड बाजूला करून उठले तेव्हा त्यांच्या टकलावर घाम होता.

"मेलेल्या गोगलगायी कुठे सापडल्या, पोरी?"

"त्या डाव्या कोपऱ्याकडे. जास्त करून."

"मारेकरी आपल्या सावजापासून इतका लांब भिंतीला चिकटून बसत नाही. मी बाजाराला आग लागलेली पाहिलीये. माणसं अशीच एका दाराशी चढाचढी करत होती." त्यांनी काचेवर हात ठेवला. "हे गुन्हेगार नाहीत. हे पळालेत."

"कुणापासून?" मी विचारलं.

मागून कुणीतरी हसलं. दारात रास्मिनी उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"मला विचारा ना. मी सांगते कुणापासून."

३

रास्मिनीची जीभ तिखट होती आणि हात सढळ. साऱ्या गावाला ती चहा पाजायची आणि पाजताना टोमणेही मारायची.

"आधी माझी बरणी द्या," ती म्हणाली. "पापड मऊ पडतायत माझे. खेकड्याला राजवाडा आणि मला पिशवी!"

"तुला ही खोली दुकानासाठी हवी होती ना?" यांनी विचारलं.

"हवी होती. अजून हवीये. रस्त्यावरची खोली आहे, नाही का वाटणार? पण त्यासाठी मी गोगलगायी मारीन? पाक दार्सा, माझा हात त्या कोपऱ्यापर्यंत तरी पोचेल का? स्टुलावर चढले तरी बगल काचेला लागते." तिने खरंच स्टूल ओढलं, चढली, हात घातला. वाळू वीतभर लांब राहिली. "झालं समाधान? आता ऐका. या खोलीची वास्तुशांत झाली तो दिवस आठवा. मामंजी काय म्हणाले होते?"

मला आठवलं. मलाच काय, सगळ्यांना आठवलं. सासीचे सासरे रिंपेन, गाव त्यांना पेकाक म्हणजे आजोबा म्हणायचं. गावातले सगळ्यात जुने पाणबुडे. त्या दिवशी पुजाऱ्यांनी खोलीवर पाणी शिंपडलं, दिवे झाले, सगळे जेवायला बसले, आणि पेकाक टाकीकडे बघत मोठ्याने म्हणाले होते, "पायात काही न घालता उभं केलेलं घर टिकत नाही. हे टिकायचं नाही." आणि न जेवता उठून गेले होते.

"शाप दिला सुनेला," रास्मिनी म्हणाली. "त्यांना समुद्रातलं समुद्रातच हवंय. आणि एक सांगू? त्यांच्या होडीमागच्या पेटीत अजून पोटॅशची बाटली आहे. मी झाडताना पाहिलीये."

सासी भिंतीला टेकली. "म्बोक," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती म्हणाली, "असं बोलू नका. ते मला कधी वाकडं बोलले नाहीत."

"मी का बोलू? बाटली बोलेल."

बाटली खरंच होती. जुनी, निळसर, रबरी नळी लावलेली. हे ती हातात घेऊन किनाऱ्यावर पेकाकांसमोर जाऊन उभे राहिले.

४

पेकाक होडीला रंग देत होते. बाटलीकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला.

"सुनेने पाठवलं तुला, नेंगाह?" नेंगाह हे यांचं पहिलं नाव, पेकाक तेच घ्यायचे.

"कुणी नाही पाठवलं. टाकीत जीव मरतायत, पेकाक."

"माहितीये."

"ही बाटली कशाला ठेवलीत?"

"फेकायची कुठे? समुद्रात?" ते खाली वाळूत बसले. म्हातारपणीही त्यांचे हात लांब आणि दोरीसारखे होते. "याच हातांनी मी तो किनारा पांढरा केला. तुझी बायको साक्षीला आहे, तिने दोन्ही पाहिलंय. मी विसरू नये म्हणून ठेवलीये."

माझे भाऊही तेच करायचे.

हे बाटली हुंगत होते. तळाशी कोळ्याचं जाळं होतं, तेही धुळीने जड झालेलं. "ही वापरलेली नाही," ते म्हणाले. "आणि पोटॅश असतं तर आधी मासे उलटे तरंगले असते. टाकीत मासे मजेत आहेत. मरतायत ते बिनकण्याचे. गोगलगायी, कोळंब्या, प्रवाळ. विष माणूस निवडून देऊ शकतो, पण विष स्वतः असं निवडत नाही. हे निवडतंय. असं कुठलं विष आहे?"

पेकाकांनी मान हलवली. "मला नाही माहीत. पण टाकी मरणार नाही."

"कशावरून?"

"नाही मरणार," ते हट्टाने म्हणाले. "आता नाही. थोडं सोसेल, मग उभी राहील. पोरगी कुठे जायची नाही." आणि ब्रश उचलून आमच्याकडे पाठ केली.

परत येताना हे मधेच थांबले. "आधी म्हणाला टिकायची नाही. आता म्हणतो मरायची नाही. मधे काय झालं, केर्ती?"

तेवढ्यात खोलीसमोर एक मोटरसायकल येऊन थांबली. सुतामा आला होता. शहरात त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं, आणि आमचं प्रवाळ पहिल्यांदा विकत घेणार होता तोच. सासीने त्याला निरोप पाठवला होता. त्याने टाकीतलं पाणी छोट्या नळीत घेतलं, त्यात पिशवीतल्या कुपीतले थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली.

पाणी हळूहळू निळं झालं. सुतामाचा चेहरा पांढरा पडला.

५

"तांबं," तो म्हणाला. "पाण्यात तांबं आहे. थोडं, पण आहे. माशांना एवढं चालतं. ज्यांना कणा नाही त्यांना नाही चालत."

"हे तुला कसं ठाऊक?" यांनी विचारलं.

"मी माशांच्या रोगावर औषध विकतो, पाक. त्यात तांबंच असतं. पण प्रवाळाच्या टाकीत मी ते कधी..." तो थांबला, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते.

रास्मिनीने दुकानातून येऊन चहाचे पेले ठेवले. त्याच्यासमोरचा पेला जरा आपटूनच ठेवला. "म्हणजे विष तुझ्या दुकानात मिळतं. वा!"

"म्बोक, या गावचं प्रवाळ जगलं तर माझं दुकान जगणार आहे. मी कशाला?"

"औषधाची बाटली तू इथे कधी आणलीस?" यांनी विचारलं.

"कधीच नाही. सासीला विचारा."

सासीने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती त्याच्या पलीकडे गेली होती. "पाणी बदललं तर?"

"बदल. पण तांबं कुठून येतंय ते सापडलं नाही तर पुन्हा येईल. औषध एकदा ओतलं असतं तर एकदाच सगळे मेले असते. इथे ते रोज थोडं थोडं येतंय. नळाची तोटी, पंप, तार, काही पितळेचं आहे का?"

आम्ही सगळं तपासलं. पंप प्लास्टिकचा, नळ्या प्लास्टिकच्या. टाकीवर झाकण नव्हतं, आणि वरचा दिवाही बाहेर टांगलेला होता. काही सापडलं नाही.

सुतामा गेला तेव्हा सासी म्हणाली, "पाक, पुरे झालं. जहाजाचा एजंट उद्या गावात येतोय. मी हो म्हणून टाकते. निदान गेकला खोटी आशा नको."

यांनी मान खाली घातली. त्या माणसाला मी इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं, अगदी देवळातली घंटा सापडली नव्हती तेव्हासुद्धा.

घरी येऊन मी बरणीतलं पाणी बदलायला घेतलं. कैद्याला आपल्या लोकांच्या दुःखाचं काही नव्हतं. तो शेवाळाची जुनी चिंधी पाठीवरून उपटून खात होता. चिंधी आता कुजून पांढरट झाली होती. स्पंजही आक्रसला होता. पण ती लाल काडी? ती जशीच्या तशी लालभडक होती.

समुद्रातलं लाल शेवाळ बरणीत इतके दिवस टिकत नाही. मी चष्मा लावला, बरणी उन्हात धरली, आणि हाक मारली.

"अहो! इकडे या. आरोपीने काहीतरी चोरलंय."

६

तो धागा होता. लाल, आणि त्याला गुंडाळलेले पांढरा आणि काळा. आमच्याकडे देवळातून आलेला असा तीन रंगांचा धागा प्रत्येकाच्या मनगटावर असतो.

यांनी ताबडतोब सगळ्यांना टाकीच्या खोलीत बोलावलं. पेकाक यायला तयार नव्हते. गेकने हात धरून आणलं. "मनगटं दाखवा," हे म्हणाले. सासीचा धागा होता. पेकाकांचा होता. माझा होता. रास्मिनीचं मनगट मोकळं होतं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"साबणाने कुजला, काढून टाकला!" रास्मिनी ओरडली. "रोज शंभर पेले विसळते मी. आता धाग्यावरून फाशी देणार का?"

"तिला सोडा," मी म्हणाले. "हा मनगटावरचा नाहीच. मनगटाचा घट्ट विणलेला असतो. हे सुटं, कच्चं सूत आहे. मी जन्मभर नैवेद्य बांधत आलेय. असा धागा पुडीला बांधतात. जमिनीत पुरायच्या पुडीला."

"कसली पुडी?" यांनी विचारलं. पण माझ्याकडे बघता बघताच त्यांना उत्तर मिळालं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं जमतं.

"बसा सगळे," ते म्हणाले आणि स्वतः उभे राहिले. सिंगाराजाच्या कचेरीतल्या साहेबासारखे.

"हे चोरटे प्रवासी टाकीत कधी आले? पहिल्याच दिवशी, दगडातून. सासी त्यांना महिनोन्‌महिने चिमट्याने ओढतेय, आणि त्या सगळ्या काळात एकही गोगलगाय मेली नाही. मरण सुरू झालं ते वास्तुशांतीनंतर. म्हणजे विष त्यानंतर आलं. ते तांब्याचं आहे आणि रोज थोडं झिरपतंय, म्हणजे ते टाकीतच कुठेतरी पडून आहे. कुठे? ते किड्यांनी दाखवलं. सगळे उजवीकडे पळाले, म्हणजे ते डावीकडे, मागच्या कोपऱ्यात. वरून दिसत नाही, म्हणजे वाळूखाली. तिथपर्यंत रास्मिनीचा हात पोचत नाही. सासीचा पोचतो, पण ती स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईल? आणखी कुणाचा पोचतो?"

पेकाक आपल्या हातांकडे बघत होते.

"वास्तुशांतीला पेकाक म्हणाले, पायात काही न घालता उभं केलेलं घर टिकत नाही. आपण सगळ्यांनी तो शाप समजला. तो शाप नव्हता. ती तक्रार होती." यांचा आवाज एकदम मऊ झाला. "घर बांधताना आपण पायात काय पुरतो, पेकाक?"

"पंचधातू," म्हातारा हळूच म्हणाला.

सासीने बाही वर केली आणि हात कोपऱ्यात खोल घातला. वाळू ढवळली. तिचा हात वर आला तेव्हा मुठीत पांढऱ्या कापडाची पुडी होती. पांढरं कसलं, मोरपिशी झालं होतं. धागा एका बाजूने कुरतडलेला. आत लोखंडी खिळा, चांदीचा कपचा, सोन्याचा वर्ख, तांब्याचा पत्रा आणि चौकोनी भोकाची जुनी केपेंग नाणी, हिरवी पडलेली.

"सगळ्या खोलीची शांत केलीत," पेकाक म्हणाले. "या काचेच्या घराची कुणी केली नाही. यातही जीव राहतात ना? समुद्रातून उपटून आणलेले. मी पुष्कळ उपटलेत. म्हटलं, एवढं तरी नीट पायावर उभं राहावं. म्हणजे पोरगी जहाजावर जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळे झोपून उठायच्या आत पुरलं." त्यांनी वर पाहिलं. "सोन्याचा वर्ख तिच्या सासूच्या कानातल्या डुलाचा आहे. तोच राहिला होता."

मला वाटलं सासी आता फुटेल. ती फुटलीच, पण हसण्याने. हसता हसता तिने ओल्या हाताने सासऱ्याचे दोन्ही हात धरले आणि मग तिला रडू आलं.

"बापा, मला सांगायचं ना! मी पायाखाली पुरला असता."

"तू म्हणाली असतीस, म्हातारा वेडा झाला."

"म्हणाले असते," सासी म्हणाली. "आणि पुरलाही असता."

रास्मिनीने नाक ओढलं. "म्हणजे मारेकरी मामंजी, साक्षीदार खेकडा, आणि फासावर मी चढत होते. माझी बरणी कुठाय?"

७

पुडी त्याच संध्याकाळी टाकीच्या घोडीखाली, फरशी उचलून, कोरड्या मातीत गेली. पुजाऱ्यांनी मंत्र म्हटले आणि टाकीवर शिंपडायचं पाणी सासीने हळूच स्वतःच्या हातावर घेतलं. "गोडं पाणी आहे, मेमे," ती माझ्या कानात म्हणाली. "देवाला समजेल."

मग पाणी बदलायचं होतं. एजंट दुसऱ्या दिवशी गावात आला तेव्हा सगळ्या बायका समुद्रापासून त्या खोलीपर्यंत रांग लावून बादल्या पुढे देत होत्या. रास्मिनी सगळ्यात पुढे, कमरेएवढ्या पाण्यात, शिव्या देत. एजंटाने सासीला विचारलं, "येताय ना?" तिने त्याच्या हातात बादली दिली. "आधी ही पुढे द्या." बिचाऱ्याने दिली. काही दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा बादल्या. सुतामाने नळीत थेंब टाकले आणि पाणी काचेसारखं राहिलं.

पण टाकी बरी झाल्याची बातमी त्याच्या थेंबांनी आधी दिली नाही. ती किड्यांनी दिली. एके दुपारी आम्ही दोघं पुन्हा काळ्या कापडाखाली बसलो आणि पाहिलं: एक बारका तारामासा, एक हात पुढे टाकत, सावकाश डाव्या कोपऱ्याकडे चालला होता. त्याच्यामागे एक केसाळ किडा. मग आणखी एक. यांनी माझा हात दाबला. मीही दाबला. बाहेर सासी विचारत होती, "काय दिसतंय? सांगा ना!"

त्या दिवसापासून सासीने चिमटा खिळ्याला टांगला, तो तसाच राहिला.

साहेब पौर्णिमेनंतर आले. प्रवाळ अजून पूर्ण फुललेलं नव्हतं, पण जागोजागी कोवळी बोटं बाहेर आली होती, आणि मेलेल्या पांढऱ्या कडेवर नवा जांभळा रंग चढत होता. त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग त्यांचं बोट काचेवर थांबलं.

"हा खेकडा? हे असले न बोलावलेले पाहुणे काढून टाकायला हवेत ना?"

बरणीतून त्याची सुटका सन्मानाने झाली होती. आता तो दगडावर मधोमध, साहेबांकडे तोंड करून बसला होता.

"निरुपद्रवी आहे, साहेब," सासी म्हणाली. "घरचाच आहे."

"आणि पाठीवर हे लाल काय?"

कुणाला काय सांगावं कळेना. तेव्हा पेकाक रिंपेन पुढे झाले आणि आपलं मनगट वर केलं. "धागा आहे. आमच्या घरात सगळ्यांनाच असतो."

साहेबांनी पेकाकांचं मनगट पाहिलं. मग सासीचं, माझं, यांचं. रास्मिनीनेही आपलं पुढे केलं; नवा बांधला होता, मुद्दाम. शेवटी साहेबांची नजर स्वतःच्या मनगटाकडे गेली. तिथेही होता. ते हसले, आणि मग बराच वेळ हसत राहिले.

परवानगी मिळाली. सासीने गेकच्या वेण्या तिच्या लग्नापर्यंत घातल्या, नंतरही सणावाराला घालते. आता आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायाखाली पुन्हा रंग दिसतो. माझ्या लहानपणाइतका नाही. पण मी उभी राहते.

हे जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बरणी माझ्या ओटीवर आहे. रास्मिनी अजून मागते, आणि मी अजून देत नाही.